दिवाणखाना कुणाचा आणि गुडघे कुणाचे? अमेरिकन मोटारींच्या ‘ऐसपैस’ आठवणींविरुद्ध

१/ जुन्या अमेरिकन मोटारीचे छायाचित्र समाजमाध्यमांवर आले की खालच्या प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. ‘काय त्या सीटा! चालताफिरता दिवाणखानाच. नाहीतर आजच्या गाड्या, गुडघे छातीला टेकतात.’ पाठोपाठ दुसरे विधान येते, ‘सरकारने अमेरिकन कंपन्या घालवल्या आणि आपल्या नशिबी फियाट आली.’ ही दोन्ही विधाने आठवण म्हणून गोड आहेत, इतिहास म्हणून खोटी आहेत. ती खोटी का, हे या #थ्रेड मध्ये.

२/ माझे प्रतिपादन एका वाक्यात असे : मोटारीतील आराम हा गाडीच्या आकारातून आपोआप निपजत नाही, कुणाचे शरीर प्रमाण मानायचे, या निर्णयातून तो निपजतो. हा निर्णय अमेरिकेतही वीस वर्षांत दोनदा फिरला. आपल्याकडे तर तो बसणाऱ्याच्या दर्जाप्रमाणे बदलत राहिला. भवानीनगरात राहून हा विषय घ्यावासा वाटला, कारण त्याचे एक टोक डेट्रॉइटला असले तरी दुसरे आपल्या इंदापूर तालुक्यात आहे.

३/ आधी मोजमाप. १९५७ ची प्लिमथ सेडान सुमारे ५.२ मीटर लांब. आपल्याकडची फियाट ११०० सुमारे ३.९ मीटर. फरक सव्वा मीटरहून अधिक. पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, म्हणजे व्हीलबेस, पाहा : प्लिमथचा सुमारे ३ मीटर, फियाटचा २.३४ मीटर. म्हणजे वाढीव लांबीतली जेमतेम निम्मीच चाकांच्या मध्ये आली. उरलेली निम्मी चाकांच्या पुढे आणि मागे लोंबत राहिली. प्रवाशाच्या गुडघ्यांना तिचा काडीचा उपयोग नाही.

४/ मग आराम आला कुठून? याचे उत्तर १९३४ च्या क्रायस्लर एअरफ्लो गाडीत सापडते. तोवर बहुतेक मोटारींत मागची सीट थेट मागच्या ॲक्सलवर येई. रस्त्यातला प्रत्येक खड्डा पाट्यांमधून सरळ पाठीच्या कण्यात जाई. एअरफ्लोच्या अभियंत्यांनी इंजिन पुढच्या ॲक्सलवर सरकवले आणि सगळे प्रवासी दोन्ही ॲक्सलच्या मध्ये आणून बसवले. बैलगाडीत चाकावर बसणे आणि मधोमध बसणे यातला फरक ज्याला ठाऊक आहे, त्याला हा शोध समजावून सांगावा लागणार नाही.

५/ एअरफ्लो बाजारात आपटली. लोकांना तिचे रूप रुचले नाही. तिची मांडणी मात्र हळूहळू सगळ्यांनी उचलली. म्हणजे अमेरिकन गाडीचा गाजलेला आराम हा मूळचा ग्राहकाने नाकारलेल्या गाडीतला आराम आहे. ‘लोकांना हवे होते म्हणून कंपन्यांनी दिले’ हे सोपे सूत्र इथेच लंगडे पडते.

६/ दुसरे पात्र के. टी. केलर. १९३५ ते १९५० या काळात ते क्रायस्लरचे अध्यक्ष होते. डोक्यावरची हॅट न काढता माणसाला गाडीत बसता आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. म्हणून त्या काळच्या प्लिमथ, डॉज आणि डिसोटो गाड्या उंच, ताठ आणि थोड्या पेटीसारख्या दिसतात. कंपनीच्या जाहिरातीत ‘खुर्चीच्या उंचीची आसने’ हे वैशिष्ट्य म्हणून मिरवले जाई. सीट उंच असली की मांड्यांना आधार मिळतो, पाय खाली सोडता येतात आणि गुडघ्यापुढे कमी लांबी असली तरी पुरते. पायांची जागा आडवी असते तशी उभीही असते, हे आपण विसरतो.

७/ आता महाराष्ट्राकडे येऊ. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला मोटारी जुळवायला सुरुवात केली. फोर्डही मुंबईत होती. पण भारतीय मालकीचा मोटार कारखाना उभारण्याचे स्वप्न सर विश्वेश्वरय्यांनी आखले आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी ते अंगावर घेतले. महायुद्धाच्या काळात त्यांनी क्रायस्लरशी करार केला, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून वाहने बाहेर पडू लागली. हेच ते वालचंद, ज्यांच्या साखर कारखान्याभोवती इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसले.

८/ म्हणजे कुर्ल्यात जुळवल्या गेलेल्या गाड्या केलरच्या आग्रहातून जन्मलेल्या होत्या. हॅटसाठी राखलेली ती उंची आपल्याकडच्या फेट्याला आणि पागोट्यालाही पुरली, हा निव्वळ योगायोग. डेट्रॉइटमध्ये कुणी फेटा मोजला नव्हता. तरीही आपल्या आजोबांच्या पिढीला ‘डॉजमध्ये काय ऐटीत बसता यायचे’ असे वाटले असेल, तर त्याचे कारण गाडीची लांबी नसून एका माणसाने छताबद्दल धरलेला हट्ट होता.

९/ आणखी एक भ्रम. आपल्याकडे श्रीमंतीचे प्रतीक ठरलेली ‘डॉज किंग्जवे’ ही मुळात प्लिमथच होती. परदेशी बाजारांसाठी क्रायस्लर प्लिमथच्याच गाडीवर डॉज आणि डिसोटोची नावे लावत असे. आणि प्लिमथ हा क्रायस्लरच्या घरातला सर्वांत स्वस्त ब्रँड. जी सीट तिकडे पगारदार कुटुंबासाठी बेतली होती, ती इकडे शेठजींचे सिंहासन झाली. सीट बदलली नव्हती. तिच्यावर बसू शकणारा माणूस बदलला होता.

१०/ अमेरिकेत या उंच छताचे काय झाले? १९५४ मध्ये क्रायस्लरची विक्री कोसळली. खापर ‘जुनाट’ दिसणाऱ्या गाड्यांवर फुटले. व्हर्जिल एक्स्नर या रचनाकाराच्या हाती सूत्रे आली आणि १९५५ व १९५७ च्या मॉडेलांत गाडी लांब, रुंद आणि बुटकी झाली, मागे माशाचे पर आले. छत कित्येक इंच खाली उतरले. छताबरोबर सीट खाली गेली, सीटबरोबर कंबर, आणि गुडघे वर आले. चाकांकडे शक्ती नेणाऱ्या शाफ्टचा उंचवटा मात्र जमिनीत गाडता येत नव्हता. तो मधल्या प्रवाशाच्या दोन पायांमध्ये येऊन बसला.

११/ ‘बुटकी गाडी हवी तर एवढे सोसावेच लागते’ असे कुणी म्हणेल. तेही खरे नाही. हडसन कंपनीने १९४८ मध्येच गाडीचा तळ चौकटीच्या आत खाली उतरवून छत बुटके ठेवले आणि आतली उंची राखली. नॅश आणि पुढे अमेरिकन मोटर्सच्या रॅम्बलरने बाहेरून आटोपशीर, आतून सुटसुटीत गाडी विकून दाखवली. म्हणजे उपाय माहीत होता. तरीही मोठ्या कंपन्यांनी आतल्या माणसापेक्षा बाहेरून पाहणाऱ्याला महत्त्व दिले. १९५८ मध्ये जॉन कीट्स या लेखकाने या गाड्यांवर अख्खे उपरोधिक पुस्तक लिहिले, ते उगाच नव्हे.

१२/ जुन्या माहितीपत्रकांतले ‘लेगरूम’चे आकडे टाकून वाद घालणाऱ्यांसाठी एक सूचना. १९६० च्या दशकात ही मोजणी प्रमाणित झाली. तिच्यात लेगरूम म्हणजे घोट्यापासून कंबरेच्या सांध्यापर्यंतचे अंतर, अधिक २५४ मिलिमीटर. गुडघा आणि पुढची सीट यांमधली मोकळी जागा नव्हे. पुढचा आकडा पुढची सीट पूर्ण मागे सरकवून काढतात. म्हणजे पुढच्याचे सुख जेवढे वाढते, तेवढी मागच्याची जागा घटते. त्याआधीच्या काळात तर प्रत्येक कंपनीची पट्टी वेगळी. अशा आकड्यांवर सुवर्णयुग उभे राहत नाही.

१३/ आता ‘सरकारने फियाट लादली’ हे विधान. १९५३ च्या जकात आयोगाने भूमिका घेतली की केवळ आयात सुटे भाग जोडणाऱ्या नव्हे, तर इथे उत्पादनाचा कार्यक्रम असणाऱ्या कंपन्यांनाच थारा द्यावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड बाहेर पडल्या. पण प्रीमियर इथेच राहिली, क्रायस्लरशी नाते राखून. आणि फियाटचे काय? प्रीमियरने छोटी फियाट ५०० जुळवायला १९५१ मध्येच सुरुवात केली होती, आयोगाच्या अहवालाआधी. पेट्रोल, किंमत आणि परकीय चलन यांचा हिशेब उद्योजकाने स्वतः मांडला होता. सरकारी धोरणाने पुढे पर्याय गोठवले, हे खरे. पण पहिली निवड सरकारची नव्हती.

१४/ शिवाय फियाटमध्ये अमेरिकन बैठकीचा अंश टिकून होता. गियरचा दांडा स्टिअरिंगला लावण्याची चाल अमेरिकेत १९३० च्या दशकाअखेरीस रूढ झाली, ती पुढच्या सीटवरचा मधला माणूस नीट बसावा म्हणून. तोच दांडा फियाट ११०० मध्ये आणि पुढे प्रीमियर पद्मिनीत दिसतो. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत चालकाशेजारी दाटीने बसलेला प्रवासी ज्या मोकळ्या जमिनीवर पाय ठेवत असे, ती त्या विचाराची देणगी.

१५/ खरा प्रश्न इथून पुढे. अमेरिकेत मालक स्वतः गाडी चालवी, म्हणून पुढची सलग सीट सर्वांत आरामदायक. आपल्याकडे मालक मागे बसे आणि ड्रायव्हर पुढे. ती सलग सीट सरकायची तर अखंड सरकते. मागे सरकवली तर शेठजींचे गुडघे अडतात, पुढे सरकवली तर ड्रायव्हरचे. दोघांपैकी कुणाचे पाय आखडत असतील, हे सांगायला दफ्तरखाना उघडण्याची गरज नाही. ज्या ‘ऐसपैस’ जागेचे गोडवे आपण गातो, तिचा काही भाग पुढच्या माणसाच्या पायांतून काढलेला होता.

१६/ आणि मुळात बारामती-इंदापूरच्या सामान्य माणसाने अमेरिकन गाडी अनुभवली ती डॉजमध्ये नव्हे, जीपमध्ये. विलीजची जीप ही युद्धासाठी बेतलेली अमेरिकन गाडी : व्हीलबेस अवघा २.०३ मीटर, पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, सीट म्हणजे पत्र्यावर पातळ गादी. महिंद्रने १९४७ पासून मुंबईत ती जुळवली. तिच्या वंशातल्या लांब गाड्यांतून पुढे ‘वडाप’ उभे राहिले. मागे समोरासमोर दोन बाके, मध्ये एकमेकांत अडकलेले गुडघे, पायांखाली पाट्या-पिशव्या, दाराबाहेर अर्धा लोंबणारा ड्रायव्हर आणि मागच्या पायरीवर उभी पोरे. हीही अमेरिकन मोटारीच्या बैठकीचीच कथा आहे. ती कुणी का सांगत नाही?

१७/ एस.टी.चेही तसेच. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली. सुरुवातीच्या ताफ्यात शेव्हरोले, फोर्ड, स्टुडबेकर याही होत्या. वर लाकडी बॉडी आणि काथ्याच्या गाद्या. मुंबईच्या रस्त्यावर ऐटीत धावणाऱ्या शेव्हरोलेचीच भावंडे गावोगाव माणसे वाहत होती. एकाच नावाच्या दोन गाड्या, आणि पायांना मिळालेली जागा मात्र दोन वेगळ्या जगांतली. आठवणींच्या अल्बममध्ये एकीलाच स्थान मिळाले.

१८/ आक्षेप येईल : ‘म्हणजे त्या गाड्या आरामदायक नव्हत्याच?’ होत्या. केलरच्या काळातली उंच सीट आजही अनेक गाड्यांना लाजवील. वयस्कर माणसाला तिच्यात बसणे-उठणे सोपे. मी त्या कारागिरीविरुद्ध बोलत नाही. त्या कारागिरीला ‘पूर्वीचा काळच चांगला’ या सिद्धान्ताचा पुरावा बनवण्याविरुद्ध बोलतो आहे. सीट चांगली होती, कारण कुणीतरी माणूस मोजला होता. काळ चांगला होता म्हणून नव्हे.

१९/ आणि हा विषय संपलेलाही नाही. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून आपल्या साखर पट्ट्यात ऊसतोड कामगार येतात. ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भांडीकुंडी आणि बांबूंवर, लेकरे मांडीवर घेऊन. मालवाहू वाहनातून अशी माणसे नेण्यास सर्वसाधारणपणे कायद्याची मनाई आहे, तरी रस्ता दरसाल तेच दृश्य दाखवतो. तिथे लेगरूम किती इंच, हा प्रश्नच उद्भवत नाही. कारण तिथे सीटच नाही. ज्या साखरेच्या बळावर या भागातल्या अंगणांत मोटारी आल्या, तो ऊस तोडणाऱ्याचे शरीर अजून कुणी मोजलेले नाही.

२०/ म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना आणि हौशी संग्राहकांना एकच विनंती. पुढच्या वेळी डॉजच्या मखमली सीटचे छायाचित्र टाकाल, तेव्हा तिच्याबद्दल तीन गोष्टी विचारा : ही कुणाच्या मापाने बनली, हिच्यावर प्रत्यक्षात कोण बसले, आणि त्यासाठी पाय कुणी आखडून घेतले. या तिन्हींची उत्तरे देता आली, तर ते छायाचित्र इतिहासाचे साधन ठरेल. नाहीतर ती शेठजींची आठवण आहे, आणि आपण ती आपली समजून फॉरवर्ड करत आहोत.

(थ्रेड समाप्त)