हुसेननी हॉलच मांडला होता

'यात काय, हे तर मीपण केलं असतं.' रिकाम्या गॅलरीच्या कुठल्याही रीलखाली ही कमेंट सापडतेच. माझा या कमेंटवर राग आहे.

१९९१ मध्ये मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत एम. एफ. हुसेननी 'श्वेतांबरी' केलं. छतापासून जमिनीपर्यंत पांढरं कापड आणि खाली फाडलेली वर्तमानपत्रं. ज्यांना घोडे बघायचे होते त्यांना कागद तुडवत फिरावं लागलं. हा स्टंट आहे असं म्हणणारे तेव्हाही होते.

मला तो स्टंट वाटत नाही. गॅलरीत आपण भिंत बघतच नाही, भिंतीवरचं बघतो. (सर्व्हर पडेपर्यंत सर्व्हरची आठवण कोणाला येते?) पण जहांगीरच्या त्या भिंतीसाठी चित्रकार वर्षानुवर्षं तारखेची वाट बघतात. चित्र तिथे लागलं की त्याची किंमत बदलते. मग एकदा ती भिंतच बघा की!

अमेरिकेत मायकेल अ‍ॅशरनी तर याहून कमी केलं. १९७४ साली लॉस एंजेलिसच्या क्लेअर कॉप्ली गॅलरीत त्यानं प्रदर्शनाची जागा आणि ऑफिस यांच्यामधली भिंत काढून टाकली, बस. आत गेलं की समोर थेट ऑफिस आणि तिथे चाललेलं रोजचं काम. चित्रं विकण्याचा धंदा एरवी त्या भिंतीमागे चालायचा.

आता कोणी म्हणेल, हुसेन होते म्हणून चाललं, नवख्या पोरानं केलं असतं तर हाकललं असतं. मान्य. शंभर टक्के मान्य. पण म्हणजे जागा कोणाला मिळते हाच प्रश्न झाला ना? तो प्रश्न मला यवतमाळात शाळेतच कळला होता. आमचं चित्रप्रदर्शन म्हणजे बाकं बाजूला सारलेला वर्ग आणि सेलोटेपनं चिकटवलेले कागद. टेप काढताना भिंतीचा रंग निघाला तेव्हा सर जाम ओरडले. चित्रं फाटली त्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

म्हणून मोठ्या शहरातल्या कोऱ्या खोल्यांवर भारी इंग्रजीत लिहिलेले बोर्ड वाचले की मला कंटाळा येतो. कोरी खोली आधीच हाताशी असलेल्यांचा तो खेळ वाटतो. हे आमच्याकडे करा. कापसाचा हंगाम संपला की एखाद्या जिनिंगची शेड आठवडाभर उघडी ठेवा. काही टांगू नका. वजनकाटा तिथेच राहू द्या, भाव लिहायचा फळा पुसू नका. पांढरं कापड आणायची गरज नाही, कोपऱ्याकोपऱ्यात सरकी आणि रुई पडलेली असतेच.

बघायला कोण येईल? माझे मामा येतील. आत आल्यावर आधी काट्याजवळ जातील आणि तो शून्यावर आहे का ते वाकून बघतील.