पपईचा चीक आणि विद्यापीठाचे कर्तव्य

१९७८ साली भवरलाल जैन यांनी केळीची भुकटी करणारा एक डबघाईला आलेला कारखाना खरेदी करून तेथे पपईच्या चिकापासून पपेन तयार करण्याचा उद्योग आरंभिला, आणि खानदेशच्या शेतातील चीक परदेशच्या बाजारात रुजू झाला. ज्या जळगाव जिल्ह्याने हे साध्य केले, त्या जिल्ह्याने पपेन टिकवण्याचे शास्त्रही स्वतःच्या प्रयोगशाळेत घडवावे, असे माझे निश्चित मत आहे.

पूर्ण वाढलेल्या हिरव्या फळावर सकाळच्या प्रहरी उथळ, उभ्या चिरा पाडल्या म्हणजे दुधासारखा चीक ठिबकतो आणि पाहता पाहता थिजू लागतो. त्यातील पपेन हे प्रथिनांचे विघटन करणारे विकर, म्हणजे स्वतःही २१२ अमिनो आम्लांचे प्रथिन असून, त्याचे सारे सामर्थ्य पंचविसाव्या स्थानी असलेल्या सिस्टीनच्या गंधकात एकवटलेले असते. हवेतील प्राणवायूने हा गंधक बाधित झाला, की पपेनची पाचनशक्ती ओसरते. म्हणूनच चिकाला लोखंडाचा स्पर्श होऊ देत नाहीत आणि त्यात मेटाबायसल्फाइट मिसळतात.

या संरक्षणासाठी आता आयनिक द्रवांचा विचार अगत्याने व्हावयास हवा. हे द्रव म्हणजे अल्प उष्णतेतही वितळलेले राहणारे क्षारच होत. १९१४ साली वाल्डेन यांनी वर्णिलेला असा एक क्षार अवघ्या १२ अंशांवर वितळतो. अशा क्षारांपैकी जीवसृष्टीशी सलोखा राखणारे द्रव बहुधा कोलीनपासून, म्हणजे आपल्या आहारातीलच एका घटकापासून, तयार होतात. कोलीन डायहायड्रोजन फॉस्फेटात थोडे पाणी राखले, तर सायटोक्रोम सी हे प्रथिन साध्या द्रावणापेक्षा अधिक उष्णता सोसते, असे २००५ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले.

तथापि केवळ कोलीन सौम्य आहे, एवढ्यावरून निकाल देणे अनुचित ठरेल. त्याच्या जोडीचा ऋण आयन विकराभोवतीचे आवश्यक पाणी हिरावून घेतो की राहू देतो, त्याचे अंतर्गत हायड्रोजन बंध तोडतो की सांभाळतो, यावरच विकराचे भवितव्य अवलंबून असते. शिवाय अमिनो आम्लांसह बनवलेले कोलीनचे द्रव आम्लारीधर्मी असतात, तेही पपेनला मानवेलच असे नाही. त्याहून महत्त्वाचे हे, की स्थैर्य व क्रियाशीलता यांची खाती वेगळी आहेत. अतिशय घट्ट आवळलेले विकर दीर्घकाळ टिकेल, परंतु समोर आलेल्या प्रथिनाचे विघटन करण्यास लागणारी लवचिकता गमावून बसेल. केवळ टिकाऊपणाचे आकडे पाहून जो द्रव पसंत करील, तो जिवंत पण निरुपयोगी माल पदरी घेईल.

सबब १९९० साली स्थापन झालेल्या आणि आज कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या आपल्या विद्यापीठाने जळगाव, धुळे व शिरपूर परिसरातील चिकावर स्थैर्य व क्रियाशीलता ही दोन्ही मापे एकाच वेळी घेणारी तपासणी हाती घ्यावी. ती मे महिन्यातील पंचेचाळीस अंशांच्या आसपासच्या उन्हाळ्याला धरून व्हावी. आणि त्याच कामात वापरलेल्या द्रवाच्या पुनर्वापराची तजवीजही असावी, कारण फॉस्फेट तापी-पांझरेत गेले, तर शेवाळ माजल्यावाचून राहणार नाही. त्याचबरोबर कारखान्यांनी चिकाचा भाव वजनावर न ठेवता त्यातील पपेनच्या क्रियाशीलतेवर ठरवावा, म्हणजे भल्या पहाटे फळाला हात घालून चीक जपणाऱ्या शेतकऱ्याच्या दक्षतेचे मोल होईल. या दोन गोष्टींना फार मोठा खजिना लागत नाही. लागते ती विद्यापीठ, कारखाना आणि शेतकरी यांना एका मेजाशी बसवण्याची इच्छाशक्ती, आणि ती दाखवण्याचे उत्तरदायित्व आज खानदेशच्या धुरीणांवर आहे.