चालू द्या ना होलेरिथ!

हिंजवडी मुळशी तालुक्यात येते हे सांगितलं की आमच्या टीममधले निम्मे लोक दचकतात. त्यांच्या लेखी मुळशी म्हणजे पावसाळ्यातली ट्रिप. असो. तर ह्याच मुळशीत बसून गेला महिनाभर मी एका क्लायंटचा, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा फोरट्रान कोड नव्या कंपायलरवर आणतोय.

फोरट्रान ६६ मध्ये अक्षरांसाठी वेगळा टाइपच नव्हता. आधी आकडा ४, मग एच, मग लगेच पी-यू-एन-ई असं लिहायचं आणि ते चक्क इंटिजरमध्ये कोंबायचं. एच म्हणजे होलेरिथ, पंचकार्डवाले. आयबीएम ३६० च्या ३२ बिटांच्या वर्डमध्ये चार अक्षरं मावत, सीडीसी ६६०० च्या ६० बिटांत दहा! फोरट्रान ७७ ने कॅरेक्टर टाइप आणला आणि ही पद्धत स्टँडर्डमधून गेली. तरी जीफोरट्रान आजही कुरकुरत का होईना, ती चालवून घेतो.

'काढून टाका ना हा कचरा,' असं मीही म्हणायचो. म्हणूनच एका ठिकाणी ऐटीत कॅरेक्टर केलं आणि नाव तुटू नये म्हणून लांबी चारची आठ केली. ते व्हेरिएबल होतं कॉमन ब्लॉकात, आणि त्याच्या मागे आकडे बसलेले. दुसऱ्या फायलीला ह्या बदलाचा पत्ताच नाही. तिने अक्षरांनाच आकडे समजून गणित केलं. प्रोग्रॅम मुकाट चालला, उत्तर चुकलं. आठवड्याने कळलं, तेही जुना रिपोर्ट शेजारी ठेवला म्हणून. एरर आली असती तर पेढे वाटले असते.

तेव्हापासून माझं मत पालटलंय. नवीन कोडमध्ये होलेरिथ लिहिणाऱ्याला खुशाल ओरडा, पण कंपायलरने तो वाचणं सोडू नये. कंपायलरवाल्यांना त्याचं ओझं होतं, कबूल. पण ते ओझं त्यांनी टाकलं की माझ्यासारखा कोणीतरी घाईघाईत हजारो ओळींत हात घालणार, आणि तो काय करतो ते आत्ताच सांगितलं.

हे परकं वाटत असेल तर आपल्या 'दुसऱ्या'कडे बघा. ह्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. आज नुक्त्याच्या ऱ पासून करतात. जुनी तऱ्हा म्हणजे साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडक. ही दुसरी तऱ्हा युनिकोड २.० शी सुसंगती राहावी म्हणून मुद्दाम ठेवलीय. ती काढली असती तर कित्येक जुन्या मराठी पानांवर य च्या डोक्यावर रफार चढला असता. सर्चमध्ये दोन्ही 'दुसऱ्या' वेगळे धरले जातात तेव्हा वैताग येतो, नाही असं नाही. पण वाचता तर येतात!

सोमवारी बिल्ड स्क्रिप्टमध्ये लेगसीचा स्विच टाकतोय. कॅरेक्टरचं काम होईल, पण आधी टेस्ट लिहून, एकेक कॉमन ब्लॉक घेऊन. मॅनेजरला अजून सांगायचंय.