फवारणीआधी वांग्याचे पान उलटून पाहा

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांना लागून आजही भाजीपाला पिकतो. खेड तालुक्यातला माल चाकण आणि मोशीच्या बाजारांतून कामगारांच्या स्वयंपाकघरात जातो आणि त्यात वांगे जवळजवळ बारमाही असते. या वांग्यावर कीड असो वा नसो, ठरावीक दिवस झाले की औषध मारायचे, अशी रीत पडली आहे. रसशोषक किडींच्या बाबतीत ही रीत शेतकऱ्याला दुहेरी मार देते. खर्च वाढतो आणि कीडही वाढते. किडींची मोजणी करून फवारणी ठरवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे आणि त्या मोजणीची सोय शेतकऱ्याला सरकारी यंत्रणेने द्यायला हवी.

पान उलटून पाहिले की शत्रू कोण ते कळते. हिरवट, तिरके चालणारे तुडतुडे असतील तर पानांच्या कडा पिवळ्या पडून वर वळतात आणि पुढे करपतात. मावा आणि पांढरी माशी चिकट गोड द्रव टाकतात, त्यावर काळी बुरशी चढते. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी ही वेगळी कीड. परंतु किडक्या वांग्याला बाजारात भाव नाही, म्हणून अळीच्या धास्तीने पायरेथ्रॉइड गटातली औषधे पुन्हा पुन्हा मारली जातात. त्यात मावा फस्त करणारे ढालकिडे आणि क्रायसोपाच्या अळ्या मरतात. पांढरी माशी मात्र पानाखाली बऱ्याच अंशी बचावते. उष्ण हवेत साधारण तीन आठवड्यांत तिची नवी पिढी उभी राहते आणि वाचलेल्यांची संतती त्याच औषधाला हळूहळू दाद देईनाशी होते. मग मात्रा वाढते, पंपात दोन-तीन औषधे एकत्र जातात. युरियाचा जादा हप्ताही या किडींच्या पथ्यावर पडतो, कारण लुसलुशीत पाला त्यांना हवाच असतो.

चाकणला मजूर कंपनीत जातो, पाने मोजत कोण बसणार, असा सवाल येईल. शेतात आडवेतिडवे फिरून काही झाडांची वरची, मधली आणि खालची अशी तीन-तीन पाने पाहायला सकाळचा थोडा वेळ पुरतो. टळलेली एक फवारणी औषध आणि मजुरी दोन्ही वाचवते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तुडतुडे पर्णगुच्छ रोग पसरवतात, मग वाट कशी पाहायची? पण रोग जडलेले झाड कोणत्याही कीटकनाशकाने बरे होत नाही. ते उपटून नष्ट करावे लागते आणि नियमित फेरी मारणाऱ्यालाच ते वेळेत दिसते. रसायन कधीच वापरू नये, असेही नाही. पिवळे चिकट सापळे आणि 5 टक्के निंबोळी अर्क वापरूनही कीड नुकसानीच्या पातळीपलीकडे गेली, तर शिफारशीचे औषध गट बदलून जरूर मारावे. मात्र वांग्याचा तोडा काही दिवसांच्या अंतराने येतच राहतो. औषधाचा प्रतीक्षा काळ त्याहून मोठा असेल, तर अवशेष थेट ग्राहकाच्या ताटात येतात.

2008मध्ये सोयाबीनवर अळ्यांचा मोठा उद्रेक झाल्यानंतर राज्याने 2009-10पासून ‘क्रॉपसॅप’ प्रकल्पात किडींचे नियमित सर्वेक्षण करून सल्ला देण्याची पद्धत बसवली. तीच शिस्त खेड, मावळ आणि हवेलीतल्या वांग्याच्या शिवारांत यावी. कृषी सहायकांनी दर आठवड्याला निवडक शेतांतली मोजणी करावी आणि गावाच्या फलकावर व मोबाइलवर ती द्यावी. बाजार समितीने औषधांच्या अवशेषांची नमुना तपासणी करून निकाल जाहीर करावा. लहान शेतकऱ्याला आज बहुतेक वेळा सल्ला मिळतो तो औषध विकणाऱ्या दुकानदाराकडून. विक्रीत ज्याचा हितसंबंध नाही असा सल्लागार त्याला बांधावर मिळाला, तरच त्याचा पैसा आणि शहराचे आरोग्य दोन्ही वाचेल.