जोखीम कोणी पत्करायची?

सानगडीच्या जुन्या किल्ल्याकडे फिरायला गेलो की एक विचार हमखास मनात येतो. किल्ल्यांच्या इतिहासात राजे-सरदारांची नावे असतात. तट रचणारे आणि वाटा फोडणारे हात अनामिकच राहतात. युद्धकथांचेही बहुधा असेच होते. रामा राघोबा राणे यांची कथा मात्र याला अपवाद आहे.

राणे कारवारजवळच्या चेंडिये गावचे, एका पोलीस शिपायाचे चिरंजीव. १९४० साली ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे जवान म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशच्या लढाईत होते आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. एप्रिल १९४८ मध्ये भारतीय सैन्य नौशेऱ्याहून राजौरीकडे निघाले. राजौरी हल्लेखोरांच्या ताब्यात होती आणि तेथील नागरिकांची कत्तल चालली होती. रस्त्यावर सुरुंग पेरलेले, झाडे आडवी पाडलेली, मोऱ्या उडवलेल्या. वाट मोकळी झाल्यावाचून रणगाडे हलणार नव्हते.

ते काम राण्यांच्या तुकडीकडे आले. ८ एप्रिलला काम सुरू होताच तोफगोळ्यांच्या माऱ्यात दोघे जवान ठार व पाच जण जखमी झाले. जखमींत स्वतः राणेही होते. तरीही त्यांनी काम सोडले नाही. पुढे रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत, दोरीने चालकाला इशारे देत त्यांनी वाट काढली. चार दिवस सुरुंग निघत राहिले, अडथळे उडत राहिले. ११ तारखेला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला आणि १२ एप्रिलला सैन्य राजौरीत पोचले. या कामगिरीबद्दल त्यांना परमवीरचक्र मिळाले.

युद्धाच्या उन्मादापासून आपण कार्यकर्ते दूर राहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु म्हणून शौर्याचा विषय घोषणाबाजांच्या स्वाधीन करणे ही आपली चूक ठरेल. राण्यांचे शौर्य शत्रूची मुंडकी मोजण्याचे नव्हते. सुरुंग, पहार आणि फावडे यांच्या बळावर इतरांसाठी वाट करून देण्याचे, म्हणजे श्रमिकाचे ते शौर्य होते. आणि त्यांचे नेतृत्व? जेथे जवानांना पाठवायचे तेथे आधी स्वतः जायचे, एवढेच त्याचे सूत्र.

जोखमीची किंमत कशी मोजावी, हे अर्थशास्त्र आम्हाला शिकवते. ती जोखीम कोणाच्या वाट्याला जाते, हा प्रश्न मात्र वर्गात क्वचितच विचारला जातो. आपल्याच भंडारा जिल्ह्यात, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात किमान आठ कामगार प्राणांस मुकले. सीमेवरच्या जवानाच्या हाती दारूगोळा देणारे हे हात. त्यांच्यासाठी ना चक्र, ना संचलन. चार दिवस हळहळ, नंतर विस्मरण.

देशासाठी धोका पत्करणाऱ्यांचा गौरव करायचा असेल तर तो गणवेश पाहून करू नये. धोक्याच्या जागी काम कसे चालावे हे ठरवण्याचा अधिकार तेथे उभ्या असणाऱ्या कामगाराला हवा. आणि हुकूम देणाऱ्याने त्या जागेवर पाऊल ठेवलेले हवे. राणे रणगाड्याखाली शिरले, तेव्हा त्यांनी नेतृत्वाचा हाच निकष घालून दिला. पुढाऱ्यांना, व्यवस्थापकांना आणि आपल्या चळवळीलाही तो लावून पाहायला हरकत नसावी.