तीन पडदे, तीन तऱ्हा

‘तीन तिगाडा, काम बिगाडा’ ही म्हण आमच्या पुतण्याचे टेबल पाहून कोणासही आठवली असती. मध्ये त्याने सुट्टीत काम करून घेतलेला २७ इंची नवा मॉनिटर, डावीकडे घरातला २४ इंची जुना, आणि उजवीकडे कोण्या कचेरीने मोडीत काढलेला १९ इंची, जवळजवळ चौकोनी. हौसेने खेळ सुरू केला आणि चिरंजीव खट्टू झाले. “काका, नव्यात आणि जुन्यात काडीचा फरक नाही. जुने दोन्ही विकतो, आणि पैसे साठवून तिन्ही सारखे घेतो.” दुकानदाराने फसविले, असे आम्हांसही क्षणभर वाटले. परंतु दुसऱ्यास बोल लावण्यापूर्वी आपली जोडणी पाहावी, म्हणून आम्ही दोघे टेबलामागे वाकलो.

दोन चुका सापडल्या. नव्या मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात न लावता मदरबोर्डात लावली होती. कार्ड बिचारे स्वस्थ बसून होते. दुसरी चूक सेटिंगमधली. हा मॉनिटर सेकंदाला १४४ वेळा चित्र पालटू शकतो. त्यासच १४४ हर्ट्झ म्हणतात. पण विंडोज त्यास पुष्कळदा ६० वरच ठेवते. ‘डिस्प्ले’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडून १४४ आपण निवडावे लागते. केबलही त्या तोलाची हवी. २५६० × १४४० ठिपक्यांचे चित्र या वेगाने नेण्यास जुने एचडीएमआय १.४ अपुरे पडते; डिस्प्लेपोर्ट १.२ पुरते.

१९ इंची म्हाताऱ्यास केवळ व्हीजीए केबल ठाऊक, आणि आजच्या कार्डांवर तसे तोंड नसते. त्यासाठी एचडीएमआयचे व्हीजीए करणारा ॲडॅप्टर घ्यावा. मात्र तो आत विजेचे मंडल असलेला असावा. नुसते तोंड बदलणारा तुकडा चालत नाही.

मग मांडणी. नव्या मॉनिटरवर ठिपक्यांच्या १४४० ओळी, २४ इंचीवर १०८०, लहानावर १०२४. सेटिंगमध्ये तिघांच्या तीन चौकटी दिसतात; टेबलावर जसे मांडले असेल तशाच त्या सरकवाव्या. मधल्या चौकटीच्या कडेला जेथे शेजार नसेल, तेथे माउसचा बाण भिंतीस अडल्यासारखा थांबू शकतो. म्हणून वरखाली सरकवून पाहावे आणि बाण सहज जाईल तेथे ठेवावे. नव्यावर एका इंचात सुमारे १०९ ठिपके असतात, २४ इंचीवर ९२. म्हणून नव्यावर अक्षरे बारीक दिसतात. तेवढ्यापुरते त्याचे ‘स्केल’ १२५ करावे.

आता खरा प्रश्न: खेळ तिन्हींवर पसरावा काय? आमचे उत्तर, नाही. एनव्हिडियाच्या ‘सराउंड’सारखी सोय तिन्हींचे ठिपके सारखे मागते, आणि पसरलेले चित्र रंगविताना कार्डाची दमछाक होते. त्यापेक्षा २७ इंची ‘मेन डिस्प्ले’ करून खेळ त्याच्या एकट्याच्या स्वाधीन करावा. २४ इंचीवर नकाशा अथवा मित्रांशी बोलणे, १९ इंचीवर गाणी. खेळाच्या सेटिंगमध्ये ‘बॉर्डरलेस’ ठेवले, म्हणजे शेजारी डोकावताना खेळ मिटत नाही. एक सावधगिरी: २०२० च्या मे महिन्यापूर्वीच्या विंडोज १० मध्ये ६० हर्ट्झच्या पडद्यावर काही हलत असले, की १४४ हर्ट्झचा पडदाही अडखळे. विंडोज जुने असल्यास ते आधी अद्ययावत करावे.

संध्याकाळी खेळ पुन्हा सुरू झाला. “काका, आता लोण्यासारखा चालतो!” नव्या खरेदीचा विषय तेथेच मिटला, जुने दोघेही टेबलावर राहिले आणि पुतण्याचे पैसे पेटीत. ॲडॅप्टर मात्र आम्ही मुद्दाम त्याच दुकानातून आणला. दुकानदारास काहीच ठाऊक नव्हते. मनातल्या मनात आम्ही त्याची क्षमा मागितली.