आधी कारण लिहा, मग कडी वाजवा



मी गोदीत माल उचलतो. रात्री कविता करतो. शिक्षण मॅट्रिक. वकील नाही, पुढारी तर नाहीच नाही. तरी कायद्यावर लिहायला बसलोय, कारण कायदा बूट घालून माझ्या घरात शिरला आणि माझ्या बहिणीचा कॉम्प्युटर काखोटीला मारून गेला.

घर दरेकशाला. तालुका सालेकसा, जिल्हा गोंदिया. हावडा लाईनवरचं स्टेशन, बोगदा ओलांडला की छत्तीसगड लागलंच. कोणी हाजरा फॉल बघायला येतं, कोणी माघ पौर्णिमेला कचारगडच्या जत्रेला. पेपरात मात्र आमचा मुलूख एकाच शब्दात संपतो : नक्षलग्रस्त. जशी काही अंगाला खरूज झालीय, आणि जो येईल त्यानं खाजवून जावं.

बहिणीनं जुना कॉम्प्युटर घेतला होता. थोडे माझ्या मजुरीचे पैसे, थोडे बचत गटाचे. ओसरीत टेबल टाकलं आणि वस्तीचं टपाल सुरू झालं. जातीचा दाखला, रेशनकार्ड, शिष्यवृत्तीचे फॉर्म, शेजारच्या गोंडांचे वनहक्काचे दावे. सगळं त्या एका खोक्यात. माझ्या कवितासुद्धा. मी मुंबईहून फोनवर म्हणायचो, ती टाईप करायची.

एका पहाटे पाच माणसं आली. दोन पंच त्यांच्याच गाडीतून उतरले, गावात कोणी त्यांचं तोंड पाह्यलेलं नाही. बहिणीनं कागद मागितला. "चौकशी आहे." कसली? "वरून आहे." माय म्हणाली, "बाप्पा, त्या डब्ब्यात काय हाय म्हनून नेता, थे तरी सांगा."

उत्तर आलं, "तेच पाहायला तर नेतोय."

कुठलं पथक, कुठलं ठाणं ते मी लिहीत नाही. माय तिथं राहते. अकरा महिन्यांनी खोका परत आला, आतली डिस्क नव्हती. गुन्हा नाही, पावती नाही, माफी नाही. वनहक्काचे चौदा दावे पुन्हा पहिल्यापासून. ज्याला नवऱ्याच्या सहीचा कागद पुन्हा आणायचा होता त्या म्हातारीचा नवरा तोवर मेला होता.

पण ते एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तेच पाहायला तर नेतोय! म्हणजे कारण असल्यामुळं झडती नाही, तर कारण सापडावं म्हणून झडती. उलटी गंगा. आणि दोस्तांनो, ही गंगा उलटी वाहू नये म्हणून बाबासाहेबांनी बांध घालायला घेतला होता, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

जयंतीला डीजे लावणाऱ्यांनो, ऐका. १९४७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे घटना समितीसाठी निवेदन तयार केलं. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'. त्यात मूलभूत हक्कांच्या यादीत हा हक्क आहे : माणसाचं अंग, घर, कागदपत्रं, चीजवस्तू यांची वाजवी कारणाशिवाय झडती नाही, जप्ती नाही. आणि वॉरंट काढायचं तर संशयाला पटेलसा आधार पाहिजे, तो शपथेवर सांगितला पाहिजे, कुठलं घर आणि कुठली वस्तू हे नेमकं लिहिलं पाहिजे. अमेरिकेच्या घटनेतलं कलम त्यांनी आपल्या माणसांसाठी मागितलं. कारण त्यांना माहीत होतं, या देशात कुणाच्या घरात विचारून शिरतात आणि कुणाच्या घरात न विचारता.

ते कलम गाळलं गेलं. ३ डिसेंबर १९४८ ला काझी सय्यद करीमुद्दीन, आपल्याच मध्य प्रांत-वऱ्हाडचे सभासद, यांनी ते दुरुस्ती म्हणून परत मांडलं. बाबासाहेब उठले आणि म्हणाले की मला ही दुरुस्ती मान्य आहे. तशी ती फौजदारी कायद्यात आहेच, पण घटनेत आलेली बरी. पुढं मतदान झालं. दुरुस्ती पडली. घटनेचा मसुदा लिहिणारा माणूस हो म्हणतोय आणि सभागृह नाही म्हणतंय!

किंमत काय पडली? १९५४ साली सुप्रीम कोर्टाच्या आठ न्यायमूर्तींनी एम. पी. शर्मा खटल्यात सांगितलं, घटनाकारांनी असं कलम ठेवलेलं नाही, आम्ही ते कुठून आणू? खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे कोर्टानं मान्य केलं ते २४ ऑगस्ट २०१७ ला. ६३ वर्षं. तेवढ्यात आमच्या तीन पिढ्यांच्या कड्या वाजल्या.

आता कोणी म्हणेल, कायदा तर आहे ना! आहे. जुन्या फौजदारी संहितेत १६५ कलम होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते १८५ झालं. विनावॉरंट झडती घेणाऱ्या अधिकाऱ्यानं आपल्या समजुतीची कारणं आधी लिहायची, काय शोधतोय ते लिहायचं, प्रत ४८ तासांत मॅजिस्ट्रेटकडं पाठवायची. झडतीचं चित्रीकरण करायचं. १०३ कलमानं दोन पंच पाहिजेत, शक्यतो त्याच भागातले, स्वतंत्र आणि 'प्रतिष्ठित'. वा रे शब्द! आमच्या वस्तीत प्रतिष्ठित कोण? चिखल तुडवणारा, हमाली करणारा प्रतिष्ठित नाही, म्हणून गाडीतून प्रतिष्ठा भरून आणायची.

आणि हे सगळं मोडलं तर काय होतं? १९७३ च्या पूरनमल निकालापासून कोर्ट म्हणत आलंय की झडती बेकायदा असली तरी तेवढ्यावरून पुरावा बाद होत नाही. म्हणजे दाराला कुलूप आहे, पण ते फोडून आत शिरलेल्यानं आणलेला माल चालतो. असल्या कुलपाला आमच्याकडं खेळणं म्हणतात.

ही काय माझ्या एकट्याच्या घरची रड नाही. २ जानेवारी २०११. 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे वर्ध्याला साहित्य संमेलनात बोलून मुंबईला परत निघाले होते. वर्धा स्टेशनवर त्यांना उचललं. कोणी? आमच्या गोंदिया जिल्ह्याच्या पोलिसांनी. राजद्रोह, यूएपीए. मुंबईच्या घराची झडती. ८० हून जास्त पुस्तकं नेली आणि घरचा कॉम्प्युटर नेला. ४० महिने तुरुंग. मे २०१४ मध्ये गोंदियाच्याच कोर्टानं निर्दोष सोडलं. त्या ४० महिन्यांचा पंचनामा कोणी केला?

चार वर्षं पुरी व्हायच्या आत, १७ एप्रिल २०१८ ला, एल्गार परिषदेच्या प्रकरणात पुणे पोलिसांनी पुन्हा त्याच माणसाच्या घराची झडती घेतली. त्याच दिवशी नागपुरात वकील सुरेंद्र गडलिंग, दिल्लीत रोना विल्सन. पुन्हा कॉम्प्युटर, डिस्क, पेनड्राईव्ह. २८ ऑगस्टला गोव्यात आनंद तेलतुंबडेंचं घर, घरात कोणी नसताना, दुसऱ्या किल्लीनं उघडलं. त्याच दिवशी हैदराबादेत एका दलित प्राध्यापकाच्या घरी. देवांच्या तसबिरी का नाहीत, फुले-आंबेडकरांच्या का, असं विचारलं म्हणून त्यांनीच पत्रकारांना सांगितलं. बघा, कुणाच्या भिंतीवर बाबासाहेब आहेत हेच 'कारण' होतं!

पुढं काय झालं? अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगनं बचाव पक्षासाठी डिस्कच्या नकला तपासल्या. २०२१ मध्ये अहवाल आले : विल्सनच्या लॅपटॉपमध्ये २२ महिने आणि गडलिंगच्या कॉम्प्युटरमध्ये सुमारे २० महिने बाहेरचा कोणी ईमेलमधून शिरून बसला होता, आणि पुराव्यातली पत्रं त्यानं आत सोडली होती. तपास यंत्रणेला हे मान्य नाही. ठीक. खटल्यात ठरू द्या. पण जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टानं ढवळे आणि विल्सनला जामीन दिला, तेव्हा साडेसहा वर्षं होऊन गेली होती आणि आरोपसुद्धा निश्चित झालेले नव्हते. फादर स्टॅन स्वामी तर ५ जुलै २०२१ ला कोठडीतच गेले, वयाच्या ८४ व्या वर्षी.

मी गोदीवाला आहे, मला माझ्या भाषेत समजतं. कंटेनरला सील असतं. सीलवर नंबर असतो, तोच नंबर कागदावर असतो. कस्टमवाला उगाच सील तोडत नाही. तोडलं तर जुना नंबर लिहितो, क्लिअरिंग एजंट समोर उभा असतो, नवीन सील ठोकतो, त्याचाही नंबर लिहितो. शेठच्या बुटांना, शेठच्या टीव्हीला एवढा मान! डिस्कलाही असंच सील असतं, त्याला हॅश व्हॅल्यू म्हणतात. आतलं एक अक्षर बदललं तरी नंबर बदलतो. नव्या पुरावा कायद्यात, ६३ कलमाच्या प्रमाणपत्रात, तो नंबर लिहायला सांगितलाय. पण जप्तीच्या क्षणी, तुमच्या डोळ्यांसमोर, तुमच्या ओसरीत तो काढला पाहिजे. महिन्याभरानं लॅबमध्ये काढलेला नंबर म्हणजे माल चोरीला गेल्यावर ठोकलेलं सील.

आणि सील ठोकायच्या आधीच कोणी आत माल टाकला असेल तर? मग सील काही करू शकत नाही. म्हणून नक्कल मालकाच्या हातात राह्यली पाहिजे. आरोपींच्या हाती नकला आल्या म्हणूनच आत कोण शिरलं होतं ही गोष्ट बाहेर आली. नाहीतर कुणाला कळणार होतं?

एक सांगून ठेवतो. तपासच नको असं मी म्हणत नाही. आमच्या जंगलात गोळी चालते, पोलिसाची पोरं मरतात, आदिवासीची पोरं मरतात, ती रडारड मी ऐकलीय. आणि २००६ साली शेजारच्या भंडारा जिल्ह्यात खैरलांजी झाली, तेव्हा नीट तपास करा म्हणून आपणच रस्त्यावर आलो होतो. तिथं यांना जात दिसत नव्हती. आमच्या घरात मात्र कारणाशिवाय सगळं दिसतं. आमचं म्हणणं एवढंच : झडती घ्या, पण आधी कारण लिहा. कोणता गुन्हा, कोणती फाईल, कोणत्या तारखांमधली. घरात सुरा शोधताना कोणी अख्खं घर उचलून नेत नाही. मग एका कागदासाठी अख्खी वस्ती का नेता?

कर्नाटक हायकोर्टानं २०२१ च्या वीरेंद्र खन्ना निकालात सांगितलं की फोन-कॉम्प्युटर उघडायचा तर साधारणपणे वॉरंट घ्या. सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२३ मध्ये पत्रकारांच्या अर्जावर केंद्र सरकारला सुनावलं, डिजिटल जप्तीचे नियम पाहिजेत. पत्रकारांसाठी पाहिजेत, प्राध्यापकांसाठी पाहिजेत. आणि दरेकशाच्या ओसरीतल्या पोरीसाठी? तिच्यासाठी वकील कोण उभा करणार? तुम्ही. युवक आघाडीच्या शाखा काय नुसते बॅनर लावायला आहेत?

बहिणीनं पुन्हा जुना कॉम्प्युटर घेतलाय. दारावर आतल्या बाजूनं एक कागद चिकटवलाय, मोठ्या अक्षरात टाईप केलेला : लेखी कारण कुठाय? काय शोधता? पंच कुठल्या गावचे? हॅश नंबर आणि यादीची प्रत द्या. मॅजिस्ट्रेटकडं गेलेली कारणांची नक्कल अर्ज केला की फुकट मिळते, हेही खाली लिहिलंय.

मायला वाचता येत नाही. तिनं ते पाठ केलंय. जात्यावर ओवी म्हणावी तसं म्हणते, आणि शेवटी आपल्या मनचं एक जोडते : "बूट बाहेर काढा."

तो कागद उतरवून घ्या. आपापल्या दारावर लावा.

जय भीम.